माळेची शपथ

नरोलीतल्या भाड्याच्या खोलीला बाहेरून कुलूप घालून कोंडाबाई दाराला पाठ लावून बसली होती. कुलूप लावायला तिच्या मुलानं, गोकुळनंच सांगितलं होतं. मसाटच्या कारखान्यात डबल पाळीचा शीण घालवायला म्हणून ओढलेल्या गर्दनं त्याला आतून पोखरलं होतं. "माय, मी काहीही बोललो तरी उघडू नको," असं तो सकाळी शुद्धीत असताना म्हणाला होता.

दिवस कलला तशा आतल्या येरझारा वाढल्या. तेवढ्यात चाळीच्या टोकाला कीर्तनाचा मृदंग घुमला.

"माय, कीर्तनाला तरी जाऊ दे ना! बुवांच्या पाया पडतो अन् आलोच."

कोंडाबाईचा जीव गलबलला. कीर्तनाला निघालेल्याला अडवायचं म्हणजे देवाच्या वाटेत आडवं पडणं. तिनं उठून किल्ली कुलपात घातलीसुद्धा.

"तिथून दुसरीकडं जाणार नाहीस ना?"

"गळ्यातल्या तुळशीमाळेची शपथ!"

किल्ली फिरवता फिरवता ती थांबली. माळ घातल्यापासून गोकुळनं खऱ्यासाठीसुद्धा कधी शपथ घेतली नव्हती. माळकऱ्याचा शब्द पुरे, असं तोच म्हणायचा. हे बोलणं त्याचं नव्हतं, गर्दचं होतं. तिनं किल्ली काढून घेतली.

दारावर लाथ बसली. "म्हातारे, मर तू!"

"दे बाबा, पोटभर शिव्या दे," ती दाराला गाल लावून म्हणाली. "पण माळेला मध्ये घेऊ नको रे."

पलीकडे नामाचा गजर चढला. कधी कीर्तन न चुकवणारी कोंडाबाई तिथंच बसून टाळ्या वाजवू लागली, आत ऐकू जाईल इतक्या जोरानं.