पलीकडे धरणारे हात

दादाला हृदयाचा झटका आला त्याच्या आधीच्या आठवड्यात सुतारकामाच्या दुकानातलं जुनं रंधा मशीन कायमचं बंद पडलं होतं, आणि दोघांनी ठरवून एकदमच अंग टाकलं, असं वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सांगताना हसायची, पण तिचे डोळे दादावर असायचे.

त्या मशीनवर दोघा भावांनी बारा वर्षं काम केलं होतं. अलीकडून धाकटा फळी सरकवायचा, आतली पाती तिचा वरचा थर सोलायची, आणि सारख्या जाडीची, गुळगुळीत झालेली फळी पलीकडे दादा धरायचा. पलीकडच्याचं काम दिसायला सोपं, पण खरी कसोटी तिथेच असते. फळीचं शेवटचं टोक तिला ओढणाऱ्या रुळांतून सुटतं तेव्हा ती पुढच्या बाजूला आपल्या वजनाने झुकते, मागचं टोक उचललं जातं, पाती तिथे जास्त खातात आणि शेवटच्या चार बोटांएवढ्या भागात खड्डा पडतो. तो पडू नये म्हणून पलीकडच्याने नेमक्या त्या क्षणी फळी किंचित वर उचलून धरायची असते. दादाने धरलेल्या फळीला कधी खड्डा पडला नाही.

आता डॉक्टरांनी त्याला पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलं होतं.

"भावजी, मशीन आणायचं ते असं आणा, की पलीकडे माणूसच लागणार नाही," वहिनीने धाकट्याला दारातच गाठून सांगितलं. "दुसरा माणूस ठेवलात तर त्याला शिकवायच्या निमित्ताने हे जातील. आणि एकदा तिथे उभे राहिले, की परत आणायला मला चौघं लागतील."

धाकटा मुळातच कमी बोलणारा. त्याने नुसती मान हलवली.

जुनी मशीनं विकणाऱ्या मशीनवाल्याच्या गोदामात मोठी म्हणावीत अशी तीन मशीन होती. धाकट्याने घरून तीन फळ्या नेल्या होत्या, सगळ्या एकाच ओंडक्याच्या, आणि प्रत्येकीवर शिसपेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या होत्या, म्हणजे कुठे किती सोललं गेलं ते लपणार नाही. पहिलं मशीन त्यातल्या त्यात नवं होतं पण अंगाने हलकं, फळीच्या शेवटी बोट बुडेल एवढा खड्डा पडला. दुसरं एवढं थरथरत होतं, की मशीनवाल्याला स्वतःच्याच मशीनच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं. तिसरं जुनं, राखाडी रंगाचं, बैलासारखं बसकं होतं. त्याच्या पोटात फळी शिरली तेव्हा आवाज वाढण्याऐवजी जरा खालीच गेला.

धाकटा वळसा घालून पलीकडे पोचला, तोवर फळीचं शेवटचं टोक रुळांतून सुटत होतं. ती झुकली नाही. क्षणभर तशीच सरळ राहिली आणि मग आवाज न करता टेबलावर उतरली, कोणी तरी ठेवावी तशी. त्याने तळहात फिरवला, पट्टी आडवी लावून उजेडासमोर धरली. खड्डा नव्हता.

"काय बघताय? आरसा आहे आरसा," मशीनवाला म्हणाला. "भांग पाडून घ्या हवं तर."

धाकटा हसला. टेबल लांब आहे, म्हणून असं होत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि मशीन पसंत केलं. घरी ही बातमी द्यायला तो जवळजवळ पळतच गेला. दादा खुर्चीत डोळे मिटून बसला होता.

"आज जेवल्यावर डोळा लागला होता, तेवढ्यात दचकून उठले," वहिनी म्हणाली. "हात असे पुढे केले होते, जसं काही कोणी कप देतंय."

मशीन दुकानात बसलं आणि काम सुरू झालं. धाकटा एकटा फळ्या देई, आणि वळसा घालून जाई तेव्हा त्या टेबलावर एकीवर एक नीट लागलेल्या असत, टोकाला टोक जुळवून. पहिल्या दिवशी त्याला याचं कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी तो फळी दिल्यावर लगेच पलीकडे जाईनासा झाला.

घरी मात्र दादा खंगत चालला होता. दिवसभर खुर्चीत बसून असलेला माणूस संध्याकाळी घामाने थबथबलेला असे आणि खांदे दाबून घेई. एके संध्याकाळी दिव्याजवळ बसून वहिनी त्याच्या तळहातातलं कुसळ सुईने काढताना धाकट्याला दिसली.

"खरं सांगा भावजी. माझा डोळा चुकवून यांना दुकानात नेता का?"

"नाही हो वहिनी. तुमच्या गळ्याची शपथ."

"मग हे कुठलं?" तिने कुसळ बोटावर धरलं. ते ताजं, लालसर होतं. त्या दिवशी दुकानात लाल लाकडाची खेप होती.

दादाने डोळे उघडले. "आजचं लाकूड ओलं होतं, नाही का रे?" तो म्हणाला. "फार जड लागलं."

लाकूड ओलंच होतं. धाकट्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मशीन बंद करायला हवं होतं, हे त्याला पुढे कायम बोचत राहिलं. पण दोन दरवाजांच्या फळ्या उरल्या होत्या, गिऱ्हाईक रोज दारात येत होतं, आणि असल्या गोष्टीवर विश्वास ठेवून काम सोडलं असं कोणाला सांगायचं? त्याने पुढचे दोन दिवस फळ्या दिल्या, पण हलक्या आधी, हळूहळू, दर दोन फळ्यांनंतर थांबून, मनात वीस मोजून. तिसऱ्या दिवशी वहिनी स्वतः दुकानात आली. ती आत आली नाही.

"मी त्यांच्या समोर बसून होते," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "डोळे मिटलेले. हात वर येतात, काही तरी धरतात, वळून बाजूला ठेवतात. मग थोडा वेळ थांबतात. मग परत." तिने राखाडी मशीनकडे पाहिलं. "तुम्ही जेवायला मशीन थांबवता, तेव्हा तेही थांबतात. इथला आवाज घरापर्यंत येत नाही, भावजी."

धाकट्याने मशीनची वायर काढली. दुसऱ्या दिवशी ते गोदामात परत गेलं. मशीनवाल्याने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्या कामाला मोठं पडतं."

चार दिवस फार चांगले गेले. दादा पोटभर जेवला, अंगणात दोन फेऱ्या मारून आला, वहिनीच्या चहाला नावं ठेवू लागला. धाकटा हाताने रंधा मारून काम ओढत होता. खांदे भरून येत, तरी त्याला हलकं वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजता वहिनीचा फोन आला. तिने फोन नुसता दादाच्या तोंडाजवळ धरला होता, त्याच्या धापा ऐकू येत होत्या.

तो पोचला तेव्हा दादा खुर्चीत होता. हात वर येत होते, धरत होते, बाजूला ठेवत होते, पुन्हा वर येत होते. ओठ निळसर झाले होते. डॉक्टर यायला निघाले होते. धाकट्याने मशीनवाल्याला फोन लावला.

"ते होय? गेलं की!" मशीनवाला खुशीत होता. "तुम्ही आणून टाकलं त्याच दिवशी एका दलालाने उचललं. कुठल्या तरी कारखान्यासाठी. तीन पाळ्यांत चालवणार म्हणाला."

"कुठला कारखाना?"

"ते बुवा त्याने सांगितलं नाही. आणि त्याचा नंबरही आपल्याकडे नाही."

धाकट्याने फोन खाली ठेवला. दादाने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, फक्त थकवा होता, आणि लहानपणी तो धाकट्याला एखादी चूक दाखवायचा तेव्हाची ती जराशी तक्रार.

"तू मधे थांबायचास रे," दादा म्हणाला. "हा थांबतच नाही."

वहिनी त्याचे हात धरायला गेली, तर ते तिच्यासकट वर आले. धाकटा खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून त्याने दादाच्या तळहातांखाली आपले तळहात धरले. आणि त्याला वजन कळलं. लांब फळी होती, दहा फुटांची तरी, पात्यांनी तापलेली. त्याने ती दादाबरोबर उचलून बाजूला ठेवली, आणि वळून पाहीपर्यंत दुसरीचं टोक हाताला लागलं.