माठाचे पोट

देवाजीने चाकावर चाळीस वर्षे काढली, पण अख्खा माठ त्याने स्वतः कधीच केला नव्हता, हे त्याला बायकोची तेरवी झाल्यावर उमगले. तो चाकावर माठाचा गळा काढायचा, काठ वळवायचा आणि खाली जाडजूड, बुटके पोट तसेच ठेवून मोकळा व्हायचा. ते अर्धवट वाळले की बायको, प्रयागबाई, मांडीवर घ्यायची. आत डाव्या हातात दगडी गोळा, बाहेर उजव्या हातात लाकडी थापी. ठोकून ठोकून ती त्या बुटक्याचा माठ करायची. नागपूरच्या उन्हात पाणी गार व्हायचे ते त्या पातळ पोटामुळे. नाव मात्र कुंभारटोळीपासून महाल भागापर्यंत देवाजीचे. कुणी तारीफ केली की गडी मिशीतल्या मिशीत हसायचा, आणि ती तिथेच पाठमोरी ठोकत बसलेली असायची.

उन्हाळा तोंडावर आला होता. चंपतरावांच्या पाणपोईला दरसालचे बारा माठ द्यायचे होते. उमरेडला दिलेली लेक कौशल्या तेरवीनंतर आठ दिवस थांबली होती. आईची विद्या तिच्याच हातात उतरली होती.

"मले शिकव," देवाजी तिला म्हणाला. एवढे म्हणायला त्याने आठातले चार दिवस घालवले.

"तुमी काहून? मी करून देतो ना बाराही."

"अन् तू गेल्यावर?"

कौशल्याने थापी दिलीच नाही. मातीचा गोळा पुढे ठेवला. "पयले चिमटून वाटी करा. डोये मिटून."

"आता या वयात वाट्या खेळू काय?"

"मायनं मले असंच शिकवलं. जाडी बोटाले समजली पायजे."

दिवसभरात अकरा वाट्या झाल्या. सगळ्या एकीकडे भाकरीसारख्या जाड, दुसरीकडे पापडासारख्या. चाकाचा उस्ताद म्हणवणाऱ्या माणसाला स्वतःच्या बोटांची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी थापी मिळाली. पहिले पोट फाटले, दुसरे बसले, तिसऱ्यातून थापी आरपार गेली.

"बाबा, उजवा हात जोरानं चालून राहिला, डावा झोपून राहिला. आतला हात पुढं न्या, मंग थापी मारा."

"कुठं थांबावं, हे तुह्या मायले कसं समजे वं?"

"आवाज बदलते. मायनं तुमाले कधी सांगतलं नाई?"

"मी कधी इचारलं नाई," देवाजी म्हणाला आणि खाली मान घालून, माती चिकटू नये म्हणून थापीला राख चोळत बसला. चाळीस वर्षे तो आवाज घरात होता. त्याने एकदाही ऐकला नव्हता.

कौशल्या उमरेडच्या एस.टी.त बसून गेली. देवाजी ठोकत राहिला. तिसेक पोटे मोडली तेव्हा कुठे बारा माठ भट्टीतून धड निघाले. त्याने ते पाणपोईवर पोचते केले.

चैत्रात चंपतराव स्वतः अंगणात आले. भला माणूस, भांडायला आला नव्हता.

"देवाजी, औंदा पाणी गार नाही होऊन राहिलं. माठ पाझरतच नाहीत. लोक एक घोट घेतात आणि ओतून देतात. माती बदलली काय?"

हो म्हटले असते तर निभावून गेले असते. मातीला काय, ती थोडीच उठून बोलणार होती? चाळीस वर्षांचे नाव शाबूत राहिले असते. देवाजीच्या ओठांवर ते 'हो' आलेही होते.

"माती तीच हाये जी," तो म्हणाला. "हात बदलले."

"म्हणजे? आधीचे माठ कोणाचे होते?"

देवाजीने बायकोला जन्मभर नावाने हाक मारली नव्हती. 'अवं' म्हटले की भागायचे. आता ते नाव तोंडातून काढण्याआधी त्याने हातातली थापी खाली ठेवली.

"प्रयागचे. आजवरचे समदे माठ प्रयागचे. हे बारा तेवढे माहे."

वीस वर्षे या अंगणात येत असलेल्या चंपतरावांनी विचारले, "कोण प्रयाग?"