बेबीनंदाताईंच्या नावावर झालेला टेंपो

मी एक जुना टेंपो आहे. मित्रांनो, टेंभुर्णीच्या शिवारातलं भाजीपाल्याचं बियाणं जालना एमआयडीसीतल्या कंपनीत पोहोचवण्यात माझी उमर गेली. माझे मालक अण्णासाहेब मला फार जपत. रात्री घरी परतल्यावर आधी माझी काच पुसायचे, मग स्वतः हातपाय धुवायचे. पत्नी बेबीनंदाताईंनाही त्यांनी मोकळ्या माळावर मला चालवायला शिकवलं, परवानाही काढून दिला.

मागच्या हिवाळ्यात अण्णासाहेब छातीच्या दुखण्याने अचानक गेले. मी दारात उभाच राहिलो. टायरमधली हवा कमी झाली, टपावर चिमण्या बसू लागल्या. त्यांची आई चतुराबाई माझ्याकडे बघायच्याही नाहीत.

एके दिवशी गाड्यांचे दलाल सोमेश्वर आले.

"वहिनी, मालक वारल्यावर कोर्टाच्या हुकुमाबिगर गाडी नावावर होत न्हाई. खेटे मारून थकून जाल. मला देऊन टाका जल्दी."

"विचारून बघते, मंग सांगते," ताई म्हणाल्या.

मला वाटलं, आता माझं भंगार होणार. पण ताई कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला, भावनाला, घेऊन खरंच जालन्याच्या आरटीओत गेल्या. परतल्यावर त्यांच्या बोलण्यातून मला कळलं, खिडकीवरच्या बाईंनी समजावलं होतं, "वारसांमध्ये वाद नसेल तर या कामाला कोर्टाची गरज नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची संमती आणा."

बाकीचे वारस म्हणजे भावना आणि चतुराबाई. भावना लगेच तयार झाली. संध्याकाळी ताई सासूबाईंजवळ बसल्या. मी दारातून सगळं ऐकत होतो.

"आत्याबाई, संमती दिली तर गाडीवरचा तुमचा हक्क सुटतो. मनात नसंल तर देऊ नका. मी राग धरणार न्हाई."

चतुराबाईंनी विचारलं, "तू चालवणार हाईस का?"

"हो."

"मंग मला बसवून दाखव."

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझ्यात हवा भरून घेतली. चतुराबाई पदर खोचून शेजारी बसल्या. ऐन आठवडी बाजारात मी बंद पडलो. मागून हॉर्न वाजू लागले, पानाच्या टपरीवरची माणसं हसू लागली.

चतुराबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हसता काय? माझी सून गाडी चालवून राह्यली! बाजूला व्हा!"

ताईंनी पुन्हा चावी फिरवली. मी सगळा जीव लावून सुरू झालो. परतताना चतुराबाईंनी पहिल्यांदाच माझ्या दारावर हात ठेवला. त्या रडत होत्या. "माझ्या लेकाची गाडी हाय. तुझ्याच हातात बराबर राहील," त्या म्हणाल्या.

त्यांनी नोटरीपुढे अंगठा दिला, अर्ज मंजूर झाला, आणि मी बेबीनंदाताईंचा झालो. आता कंपनीच्या फाटकावरचा पहारेकरी दुरूनच ओरडतो, "ताईंची गाडी आली, जागा करा!" तेव्हा माझं इंजिन अभिमानाने घुमतं.

मित्रांनो, घरातलं माणूस गेलं की त्याच्या वस्तूही पोरक्या होतात. त्यांना गंजू देऊ नका, ऐकीव गोष्टींना घाबरून घाईने विकूही नका. आधी नीट विचारून या. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून लेकींपर्यंत ज्यांचा ज्यांचा हक्क आहे, त्या सगळ्यांना जवळ बसवा आणि सारं खरं सांगा. आमच्यावर नाव कुणाचंही लागो, ते सगळ्यांच्या राजीखुशीने लागावं, एवढंच आम्हा मुक्या वस्तूंचं मागणं आहे.