मला घातलेली आंघोळ

मित्रांनो, मी शोदो बेटावरचे एक जुने लाकडी पिंप आहे. माझ्या पोटात सोया सॉस मुरतो. माझे मालक इसोकिची यांच्या आजोबांनी देवदाराच्या फळ्या बांबूच्या पट्ट्यांनी आवळून मला घडवले. पुढे माझ्या अंगावर बुरशीचा जाड, काळपट थर चढला. त्या थराचा मला फार अभिमान होता.

बेटावर येणारे प्रवासी आमच्याकडे डोकावत. उन्हात वाळवलेल्या बारीक शेवया थंड पाण्यातून काढून माझ्या सॉसमध्ये बुडवून खात आणि बोटे चाटत. एकदा मात्र एक बाई मला पाहून "शी!" म्हणाली. इसोकिचींच्या नव्या सूनबाई चिगुसा यांनी ते ऐकले. बिचारीला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

इसोकिची गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होते. मी तेव्हा रिकामे होते. चिगुसाने बाह्या सरसावून कढत पाणी आणले आणि मला आतून-बाहेरून खसाखसा घासले. मी ओरडणार कसे?

म्हातारे इसोकिची घरी आले. मला हुंगले.

"सूनबाई, याला आंघोळ घातलीस?"

"हो बाबा! बघा कसं लखलखतंय!"

ते मला टेकवलेल्या शिडीच्या पायरीवर बसले. "अगं पोरी, तो मळ नव्हता. त्या बुरशीतले बारीक जीवच सॉस मुरवणारे आपले कारागीर. आपण नुसते हमाल!"

पुढे ते रागावले नाहीत. त्याचेच तिला जास्त लागले. त्यांनी शेजारच्या पिंपात मुरत असलेला सोयाबीनचा लगदा बादलीभर आणून माझ्यात भरलेल्या नव्या लगद्यात ओतला. "विरजण लावून बघू," एवढेच म्हणाले.

सॉस मुरायला वर्षे लागतात. अखेर पहिला सॉस निघाला. प्रवाशांनी शेवया खाऊन "वा, वा!" केले आणि ते बोट गाठायला पळाले. इसोकिचींनी वाटी संपवून खाली ठेवली.

"बाबा, बोला ना काहीतरी."

"खारट आहे."

"बस? एवढंच?"

"सध्या एवढंच."

चिगुसा माझ्या आड जाऊन रडली. मलाही रडू येत होते. जुनी चव यायला किती वर्षे लागतील कोण जाणे, आणि म्हातारा आता थकला आहे.

परवा ती फडके घेऊन आली आणि थबकली. माझ्या दोन फळ्यांच्या सांध्यात नखाएवढा पांढरा डाग उमटला होता.

"बाबा, लवकर या!"

ते काठी टेकत आले. चष्मा पुसून डागाजवळ वाकले.

"हात लावू नकोस हं. आपले कारागीर परत येताहेत."

"लावतेय कुठे! फडकं केव्हाच टाकलंय."

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. ती चिगुसाने मनापासून घेतली होती. जुन्या वस्तूला हात लावण्याआधी ती वापरणाऱ्या म्हाताऱ्याला एकदा विचारा, एवढेच माझे मागणे आहे. आणि आमच्या म्हाताऱ्याने आणखी थोडे थांबावे. त्याच्या वाटीत मला अजून एकदा उतरायचे आहे.