देवकाबाईंनी निवडलेला तंबोरा

कामठ्याच्या राममंदिरात बायकांचं भजन देवकाबाई चालवायच्या. आवाज खणखणीत, ताल पक्का आणि जीभही तशीच. कुणी सूर सोडला की भजन थांबवून नाव घेऊन सांगायच्या. त्यांच्या शेजारी बसून साथीला गायची ती रुख्मा. वयानं देवकाबाईंच्या मुलीएवढी, पण गळा असा पातळ आणि उंच, की देवकाबाईंनी ओळ टाकली आणि रुख्मानं ती उचलून वर नेली, की मंदिरामागे धान उफणणारी माणसं हातातलं सूप तसंच धरून उभी राहायची.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. देवकाबाई आणि त्यांचे यजमान कवडू दोघंही एकदमच अंथरुणाला खिळले. भाऊबंद अंगणातूनच विचारपूस करून मागे फिरत. उंबरा ओलांडायची कुणाची छाती होत नव्हती. रुख्मा मात्र रोज आत जायची. पेज शिजवायची, चमच्याचमच्यानं भरवायची, कवडूंना पाठीला हात देऊन उठवायची. ती दोघं उठली आणि रुख्मा पडली. तीही वाचली. पण खोकला कित्येक महिने सुटला नाही, आणि सुटला तेव्हा जुना आवाज सोबत घेऊन गेला.

गळा जाड आणि खोल झाला. बऱ्या झालेल्या रुख्मानं भजनात पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा वरच्या ओळीला आवाज फाटला. मागून कुणीतरी हसत म्हणालं, "हा कोन बाप्या आला व भजनात?"

रुख्मानं मान खाली घातली आणि टाळ उचलले. त्यानंतर ती एकही भजन चुकवत नसे, टाळही नेटके वाजवी, पण ओठ मिटलेले. देवकाबाईंनी समजावून पाहिलं, रागावूनही पाहिलं.

"माह्याच्यानं नाही होत, काकी," एवढंच ती म्हणे.

अशी दोनेक वर्षं गेली. एका एकादशीला मंडळाची जुनी एकतारी खुंटीवरून पडली आणि तिचा भोपळा फुटला. ही गोष्ट गोंदियाला ईश्वरदासांच्या कानावर गेली. ईश्वरदास धान्याचे व्यापारी. त्यांच्या वडिलांना गाण्याचा नाद होता, घरी गवई उतरायचे, त्यांच्यासाठी मिरजेहून तंबोरे आणवलेले होते. वडिलांच्या मागे ते तंबोरे गवसणीत मुके उभे होते. ईश्वरदासांची आई मूळची कामठ्याची. तिच्या सांगण्यावरून त्यांनी निरोप धाडला, "तीन आहेत. या, वाजवून बघा, तुमच्या भजनाला शोभेल तो मंदिरासाठी घेऊन जा."

कवडूंनी बंडी जुंपली. देवकाबाईंबरोबर शामकला निघाली. ती मंडळात ढोलकी वाजवायची. रुख्मा यायला तयार नव्हती. "मी येऊन का करू?" म्हणाली. देवकाबाईंनी तिला जवळजवळ हाताला धरूनच बंडीत बसवलं.

ईश्वरदासांच्या बैठकीत तीनही तंबोरे गवसणीतून काढून ठेवले होते. एकाच्या भोपळ्यावरची लाकडी तबली चिरली होती, तो बाजूला राहिला. उरले दोन. एक लहान, गोरापान, कडेनं हस्तिदंती फुलांची वेल असलेला. दुसरा चांगला मोठा, काळपट, भोपळा दोन्ही हातांच्या कवेत मावेना असा. शामकलाचा जीव लहानग्यावर जडला.

"काकी, हाच घेऊ. पाहा ना, नवरीवानी दिसते!"

ईश्वरदासही म्हणाले, "बराबर बोली बेटी. हा जनानी आवाजाचा आहे. मोठा मर्दानी, त्याचा सूर खाली. बायकांच्या भजनाला लहानच पाहिजे."

त्यांनी लहान तंबोरा लावून दिला. देवकाबाई त्याच्यासोबत गायल्या. झकास जमलं. कवडूंनी मान डोलावली. निवड झाल्यातच जमा होती. शामकलानं तर गवसणीही हातात घेतली.

तेवढ्यात देवकाबाई म्हणाल्या, "रुख्मा, तो मोठा जरा धर. आलोच आहो तर त्यालेही आयकू."

रुख्मानं भोपळा मांडीशी घेतला, दांडी खांद्याला टेकवली आणि तारांवरून बोटं फिरवली. खर्जाची तार बोलली तशी ती दचकली. आवाज कानात शिरण्याआधी तिच्या छातीत शिरला होता. ती पुन्हा छेडत राहिली. डोळे कधी मिटले ते तिलाही कळलं नाही. आणि मग, कुणी 'गा' न म्हणता, ती गुणगुणायला लागली.

गुणगुणण्यातून सूर आला. जाड, खोल, पण कुठेही न फाटणारा. मोठ्या डोहात पाणी संथ भरत जावं तसा तो बैठकीत भरत गेला. आत ईश्वरदासांच्या आई माळ ओढत बसल्या होत्या, त्या उठून दाराशी आल्या.

रुख्मानं डोळे उघडले, सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहिलं आणि घाईघाईनं तंबोरा खाली ठेवला.

"हाच," देवकाबाई म्हणाल्या.

शामकला गडबडली. "काकी, हा तर बाप्यांचा! याच्यासंग आपल्याले वर चढता येनार नाही."

"खाली तं उतरता येते ना?"

रुख्माच आता काकुळतीला आली. "माह्यासाठी नोको, काकी. लहानच घ्या. त्यालेच उतरवून लावू."

ईश्वरदासांनी तेही करून दाखवलं. लहान तंबोऱ्याच्या तारा उतरवत मोठ्याच्या सुरापर्यंत आणल्या. तारा ढिल्या पडल्या, झंकार गेला, नुसती भुणभुण उरली. ईश्वरदास हसले. "छोटे से बडे का काम नहीं होता, बाई."

देवकाबाईंनी मोठ्या तंबोऱ्यासोबत स्वतः एक भजन म्हणून पाहिलं. खालच्या सुरात त्यांचा खणखणीतपणा निम्मा हरपला. त्यांनाही ते कळलं, कवडूंनाही कळलं. कवडू हलकेच म्हणाले, "तुह्या गळ्याले जड जाते हा."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

परतताना रुख्मा तंबोरा मांडीवर आडवा धरून बसली होती. बंडीला धक्का बसला की दोन्ही हातांनी त्याला सावरायची. गाव जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, "कायले केलं, काकी? तुमचा आवाज..."

"माहा आवाज मोप गायला," देवकाबाई म्हणाल्या. "आन् आताशा वरच्या सुराले मलेही दम लागते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "घरी कोनी येत नव्हतं तवा तू पेज घेऊन येऊन राहिली होती. डोळे उघडले का तूच दिसे. ते मी कोठं ठेवू, सांग? मनात मावत नाही."

दम लागतो हे खरं होतं की काकींनी आपली समजूत काढायला म्हटलं, हे रुख्माला कधीच समजलं नाही. तिला रडू आलं. कवडूंनी मागे वळून न बघता बैलांना हाकारलं.

पहिल्या एकादशीला कुरकुर झाली. सवयीनं सगळ्या वर जात, आणि तंबोरा खाली राही. शामकलानं दोनदा ढोलकी थांबवली. देवकाबाईंनी नेहमीसारखी नावं घेऊन सुनावलं आणि भजन पुन्हा सुरू केलं. ओळ टाकायला त्यांनी रुख्माला सांगितलं. ती आधी चाचरली, मग गायली. या वेळी मागून कुणी हसलं नाही.

पुढे जे झालं ते मात्र कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. खांबाला टेकून नुसत्या टाळ्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्या हळूहळू गायला लागल्या. धुरपताबाईंचा आवाज तर त्यांच्या सुनेनंही कधी ऐकला नव्हता. त्या एका सकाळी सबंध भजन म्हणाल्या आणि स्वतःच लाजून तोंडाला पदर लावला. "वरचं आमच्या गळ्याले कधी झेपलंच नाही व, बाई," त्या म्हणाल्या. "आता भजन आमच्यापाशी आलं."

रुख्मा पुढे कितीतरी वर्षं कामठ्याचं भजन चालवत राहिली. रामनवमीला ईश्वरदास आईला घेऊन ऐकायला येत. देवकाबाई रुख्माच्या मागे बसून तंबोरा धरत. गाता गाता रुख्मा थोडी मागे सरके, पाठ तंबोऱ्याला लागेल इतकी, आणि मान वळवून मागे बघे. देवकाबाई तिला कोपरानं ढोसून म्हणत, "समोर पाह्य. देव तिकडे आहे."