सोफ्यावाली खोली

आमचे हे, म्हंजे देवमन, बँकेत हेड कॅशियर होते. पाचशेची खोटी नोट डोळे मिटून ओळखत, नुसती बोटात धरून. पन त्याच मानसानं रिटायर झाल्यापासून सात वर्षं इन्शुरन्सच्या कागदावर न वाचता सह्या केल्या. दरवर्षी प्रीमियम कापला जाये अन दरवर्षी एक पुस्तक घरी ये. टीव्हीच्या स्टँडचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली हे ते पुस्तक घालत. कोनी इचारलं तं म्हनत, "आपलं कॅशलेस आहे. कार्ड दाखवलं का झालं. एक रुपया लागत नाई." हे वाक्य त्याईनं अमरावतीतल्या आमच्या साऱ्या कॉलनीले सांगितलं. दूधवाल्याले बी सांगितलं, त्याचा काई संबंध नोता.

माहे दोन्ही गुडघे गेले होते. तीस वर्षं अंगनवाडीत पोट्ट्याईसंगं खाली बसून काढली, ते गुडघ्याईनं वसूल केलं. बसली तं उठता ये नाई, उठली तं बसता ये नाई. डॉक्टर म्हने, दोन्ही बदला. एक आता, दुसरा तीन महिन्यानं. दुसरा लांबवला तं लंगडून लंगडून नवा बी खराब होईन.

घरी बसल्या बसल्या करू काय, म्हनून मी ते पुस्तक स्टँडखालून ओढलं. टीव्ही वाकडा झाला. हे दोन दिवस मान वाकडी करून बातम्या पाहत बसले, पन पुस्तक काहून काढलं ते इचारलं नाई. पुस्तक अर्धं इंग्रजी अन अर्धं हिंदी होतं. मले इंग्रजी येत नाई, म्हनून मी हिंदी अर्धं वाचलं अन बाकीच्या अर्ध्यात काय लपवलं असीन या काळजीनं दोन रात्री झोपली नाई. मंग पोरीले, दीक्षाले, फोन केला. ते म्हने, "आई, दोन्हीकडं तेच लिहेल आहे."

तेवीस नंबरच्या पानावर लिहेल होतं का खोलीचं भाडं दिवसाले चार हजारापर्यंतच देतीन. त्याच्यावरची खोली घेतली तं नुसतं भाडंच नाई कापत. डॉक्टरची फी, भूल देनाऱ्याची फी, ऑपरेशनच्या खोलीचा खर्च, सारं त्याच हिशोबानं कापतात. म्हंजे आठ हजाराच्या खोलीत झोपलं का डॉक्टरचे बी अर्धेच पैसे भेटतीन. मी ते तीनदा मनात वाचलं. चौथ्यांदा मोठ्यानं वाचलं, याईच्या कानाजवळ.

हे म्हने, "तसं लिहा लागते त्याईले. कोनी पाहत नाई."

आता पैशाची गोठ साधी होती. आमची पॉलिसी वर्षाले तीन लाखाची. एक गुडघा दोन लाखाचा. म्हंजे दुसऱ्या गुडघ्याले पॉलिसीतला एक लाख उरे, अन आमची एक लाखाची एफडी होती ते मोडाची. त्याच्याबाहेर आमच्यापाशी काई नोतं. ते एफडी दुसरीकडं गेली का माहा दुसरा पाय गेला.

इन्शुरन्सच्या यादीतला दवाखाना अकोल्याचा निंघाला. दीक्षा बी तिथंच राहते, म्हनून सोयीचं होतं. काउंटरवरच्या पोरीनं इचारलं, "काकू, रूम कोणती?" मी म्हनलं, दोन खाटांची, साडेतीन हजारवाली. याईनं लिंबू चावल्यासारखं तोंड केलं.

"अन भेटाले येनारे कुठी बसतीन?"

हे आमच्या इकडचं दुखनं आहे. मानूस दवाखान्यात पडला का त्याले पाहाले कोन कोन आलं ते आधी मोजतात, मंग बिमारी इचारतात. एक गाडी नांदगाव खंडेश्वरहून येते, एक वरूडहून. आलेल्याले बसाले जागा नाई भेटली तं ते दहा वर्षं ध्यानात ठेवतात. दोन वर्षांआधी माह्या जेठानीचं, म्हंजे थोरल्या जावेचं, वरूडच्या माणिकबाईचं, पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं. तिच्या खोलीत सोफा होता, फ्रीज होता, अन एका वक्ती अकरा मानसं बसली होती. खडे किती निंघाले ते आज कोनाले आठवत नाई. सोफा साऱ्याईले आठवते.

मी म्हनलं, "उभे राहतीन. माह्या गुडघ्याले पाहाले येऊन राहिले, तं त्याईनं आपले पाय वापरावं."

हे गप बसले. लग्नाले एक्केचाळीस वर्षं झाली, मले तवाच समजाले पायजे होतं. हे गप बसले म्हंजे आत काईतरी शिजून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. दुपारी मले जाग आली तं समोर सोफा. मरून रंगाचा, चांगला पाच मानसाचा. बाजूले फ्रीज. कमरेखालून मी नोतीच, पन डोकं झटक्यात जागेवर आलं. दीक्षा सोफ्याच्या कोपऱ्यात बसून मोबाईल पाहून राहिली होती, माह्याकडं पाहे ना.

"कोनं केलं?"

"बाबानं. तू आत होतीस तवा. मी नाई म्हनलं होतं, आई."

"कुठी आहेत?"

"खाली गेटवर. वरूडहून मोठ्या आईची गाडी येऊन राहिली."

खाटेजवळ फोन होता. महाग खोलीत ते एक बरं असते. मी काउंटर लावला. ते कालचीच पोरगी. म्हने, "काकू, काकांनी सही केली ना. चार वाजता कागद इन्शुरन्सकडे पाठवते."

"म्हंजे अजून गेला नाई."

"नाही. पण बदलायचं असेल तर काकांनाच सही करावी लागेल. आणि काकू, मी काकांना सांगितलं होतं, या रूममध्ये सगळंच महाग, बिल दोन लाख नव्वद हजारांपर्यंत जातं, त्यातले नव्वद एक हजार तुमच्याकडून भरावे लागतील."

नव्वद हजार. माहा दुसरा पाय मले डोळ्यासमोर जाताना दिसला. घड्याळात सव्वातीन झाले होते. दीक्षाले म्हनलं, "जा, बापाले आन. आला नाई तं सांग, आई खाटेवरून उतरून राहिली." दोन मिनिटात हे धापा टाकत हजर.

मंग मी जे बोलली ते इथं सांगत नाई, कारन शेजारच्या खोलीतल्या पेशंटनं बेल वाजवून नर्सले बोलावलं होतं. एवढंच सांगते का चार आन्याची कोंबडी अन बारा आन्याचा मसाला, हे मी त्याईले दोनदा ऐकवलं. आईले समजाव म्हनून हे दीक्षाकडं पाहत होते. दीक्षा फ्रीज उघडून आत पाहाले लागली. फ्रीजमंदी काईच नोतं.

हे खाली मान घालून उभे होते. मंग हळूच म्हने, "अनुपच्या वक्ती तुले खाट भेटली नोती."

"काय?"

"आपला अनुप झाला तवा. सरकारी दवाखान्यात तुले व्हरांड्यात सतरंजीवर झोपवलं होतं. माही माय आली, तं तिले बसाले मी रस्त्यावरून वीट आनली. माणिकवहिनी बसलीच नाई. पदर नाकाले लावला अन उभ्या उभ्या निंघून गेली. तवा माहा पगार तेवढाच होता. म्या तवाच ठरवलं होतं, सुंदरा. एक वक्ती तुले अशा खोलीत ठेवीन का वहिनीले बसाच लागीन."

ते वीट मी इसरून गेली होती. छत्तीस वर्षं झाली. या मानसानं ते छत्तीस वर्षं डोक्यावर वागवली, अन मले कधी बोलले नाई. माहा राग अर्धा उतरला. नव्वद हजार काई उतरले नाई.

मी म्हनलं, "तुमचं मन मले समजलं. पन पाहा ना, हा सोफा तुमी माह्यासाठी घेतला, अन त्याच्यावर साऱ्या दुनियेनं बसाचं, माह्याशिवाय. मले उठून बसता येत नाई. माहा दुसरा पाय विकून तुमी वहिनीले बसाले जागा देऊन राहिले."

हे सोफ्याकडं पाहाले लागले. जवळ गेले, त्याची गादी बोटानं दाबून पाह्यली. मंग बाहेर गेले.

चारले दहा मिनिटं कमी असताना ते सही करून वर आले. मागं दोन वॉर्डबॉय होते. मले खाटेसकट बाहेर काढलं, अन नेमकी तवाच लिफ्ट उघडली. आतून माणिकबाई, तिच्या मागं आठ मानसं, अन एक पेटी संत्री. सारे जागच्या जागी थांबले.

माणिकबाईनं इचारलं, "कुठी नेऊन राहिले इले?"

मी डोळे मिटून घेतले. मले वाटलं आता हे काईतरी थाप मारतीन, तपासनीले नेऊन राहिलो म्हनतीन.

"खोलीत," हे म्हने. "दोन खाटांच्या. महाग खोली घेतली होती, वापस केली. दुसऱ्या गुडघ्याचे पैसे त्याच्यात जाऊन राहिले होते."

एवढं खरं हे एका दमात बोलल्याचं मले आठवत नाई.

दोन खाटांच्या खोलीत एकच स्टूल होता. बाजूच्या खाटेवर लीलाबाई नावाची बुढी होती, मांडीचं हाड मोडेल. तिचे बी सात पाहुने आले. दोन्हीकडचे असे एकमेकात मिसळले का आमच्या जेठाचा साळा अर्धा घंटा लीलाबाईची तब्येत इचारत बसला, अन तिच्या सुनेनं आमची संत्री सोलून साऱ्याईले वाटली. स्टूल याईनं माणिकबाईले देला. स्वतः तीन थैल्या हातात धरून भिंतीशी उभे राहिले. माणिकबाई बसली.

निंघाच्या वक्ती ते माह्या कानाशी वाकली. मले वाटलं, आता टोमना येते.

"त्या सोफ्यानं आमचे एक लाख दहा हजार खाल्ले व माय," ते म्हने. "बिल हातात आलं तवा समजलं. माह्या पाटल्या गेल्या त्याच्यात. तुह्या जेठाले अन मलेच माहीत आहे, कोनाले सांगू नको. अन दीक्षा सांगे, तू पॉलिसीचं पुस्तक वाचलं, ते मले बी वाचून दाखवजो. आमच्या पॉलिसीत बी तसंच असीन."

मी तिचा हात धरला. तिच्या मनगटात काचेच्या बांगड्या होत्या. दोन वर्षं मी ते पाहत होती, पन मले कधी दिसलं नोतं.

सारे गेले. हे स्टुलावर बसले अन पाय चोळाले लागले. मंग इचारलंच.

"वहिनी कानात काय म्हने?"

मले सांगाची लय उबळ आली. छत्तीस वर्षाची ते वीट एका वाक्यात खाली पडली असती. पन याईले सांगितलं म्हंजे संध्याकाळवरी वरूडले पोचलं असतं, अन त्या बाईनं माह्यापाशी विश्वासानं तोंड उघडलं होतं.

"म्हने, खोली बेस आहे."

"खरंच?"

"हाओ. हवेशीर आहे म्हने."

हे ताठ बसले. एका घडीत त्याईचा सारा थकवा गेला. लीलाबाईच्या सुनेले ऐकू जाईन अशा आवाजात म्हने, "मी तं कालपासून हेच म्हनून राहिलो. मानसानं बिमारीत मोठेपना करू नाई. दुसऱ्या गुडघ्याच्या वक्ती बी हेच खोली घेऊ. आताच खाली सांगून येतो."

अन खरंच सांगाले गेले. भूल उतरून माह्या पायात मुंग्या याले लागल्या होत्या.