हेल्मेट एकच

साठी जवळ आली की माणसं देवदर्शनाच्या सहली शोधतात, मी मोटारसायकल शोधत होतो. तीही साधी नाही, दगडधोंडे तुडवणारी, दोन्ही बाजूंना सामानाचे डबे लावता येणारी, उंच. कळमन्याच्या बाजारात तीस वर्षं धान्याची दलाली केली. माल घेण्याआधी मूठभर हातात घेऊन पाहायची सवय अंगात मुरलेली. म्हणून महिनाभर वहीत सगळं टिपत होतो: विमा, सर्व्हिसिंग, चेन. मागचा टायर म्हणे बारा हजार किलोमीटरला संपतो. त्याच्या किमतीत मी एकेकाळी अख्खी सेकंडहॅन्ड राजदूत घेतली होती.

त्या राजदूतवर लग्नानंतर मी आणि शामला दर रविवारी रामटेकला जायचो. ती साडीत, एका बाजूला पाय सोडून बसायची, हात माझ्या खांद्यावर. गाडीच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून आमची खूण ठरलेली. एक थाप म्हणजे चल, दोन म्हणजे थांब. दोन थापा बहुतेक वाटेतल्या मनसरच्या चहासाठीच असत. अमरकंटकलाही जायचं ठरलं होतं. मग पोरं झाली, गाडी विकली, राहूनच गेलं. ते रविवार आठवले की अजून हुरहुर वाटते.

शोरूममध्ये शामलाला नेलं ते तिच्या हातून टोकन द्यायचं म्हणून. तिथल्या सेल्समन मोहितने विचारलं, डबे लावायचे तर साडी गार्ड काढावं लागेल, काढायचं का? मी पटकन हो म्हणून बसलो. शामला माझी वही चाळत होती. एव्हरेजचं पान तिने असंच उलटलं आणि सामानाच्या यादीवर थांबली.

"हेल्मेट एकच काहून लिवलं जी?"

तुझे गुडघे दुखतात, एवढ्या उंच गाडीवर तू कशी चढणार, असं मी काहीतरी बोललो. खरं म्हणजे तिला विचारलंच नव्हतं.

"गुडघे माहे हायेत. मले विचारून पाहाचं होतं."

मग तिने मोहितला टेस्ट राइडची गाडी पायऱ्यांशी लावायला सांगितली. मी बसल्यावर ती दुसऱ्या पायरीवर उभी राहिली, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि चक्क दोन्हीकडे पाय टाकून बसली. आज ती पंजाबी ड्रेस घालून आली होती, हे मी सकाळपासून पाहिलंच नव्हतं.

माझे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. सीट बसकी करून मिळते, थोडे जास्त लागतील, असं मोहित म्हणाला. मी पेन मागितलं आणि तिथेच वहीत हेल्मेट एकाचे दोन केले.

"ते गार्ड काढूनच टाका," शामला त्याला म्हणाली. "डब्यात माहंबी सामान राहीन."

शोरूमची हेल्मेटं दोघांनी घातली. मी गाडी सुरू केली. आवाज काही राजदूतचा नव्हता. खांद्यावर थाप पडली, एकच.